माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत: कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आणि आपल्या गावातलं जुनं थिएटर

अमळनेरच्या बाजूच्या एका गावातल्या हौशी नाट्यमंडळाच्या मित्राने विचारलंय: "आमच्याकडे एक जुनं थिएटर आहे. आधी नाटकं व्हायची, मग सिनेमा लागायला लागला, आता कित्येक वर्षं कुलूप आहे. ते दुरुस्त करायचं ठरलंय. कंत्राटदार म्हणतो, आतलं सगळं लाकूड काढा, वर पत्रा, खाली टाइल्स, छताला पीओपी. आमच्यातली जुनी मंडळी म्हणतात, हात लावू नका; कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात माईकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जायचं ते लाकडामुळे आणि स्टेजखालच्या विहिरीमुळे. यात खरं किती? आणि ते नाट्यगृह जळाल्यावर पुन्हा तसंच उभं राहू शकतं का?"

मी धुळ्यात राहतो. २८ वर्षं नाट्यगृहांची प्रकाश-ध्वनीची कामं आणि जुन्या इमारतींची मोजणी करतोय. आधी थेट उत्तर देतो. जुनी मंडळी बरोबर आहेत, फक्त त्यांनी सांगितलेलं कारण अर्धंच बरोबर आहे. आणि कंत्राटदाराला होकार देण्याआधी एक काम करा: आज त्या रिकाम्या थिएटरात आवाज कसा वाजतो, ते मोजून ठेवा. भिंत पुन्हा बांधता येते. पण मोजून न ठेवलेला आवाज पुन्हा उभा करायला कुणाच्याच हातात काही उरत नाही.

कोल्हापूरपासून सुरुवात करू, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी युरोप पाहिला. परतल्यावर कोल्हापुरात दोन वास्तू अगदी लगोलग उभ्या राहिल्या. एक खासबागचं कुस्तीचं मैदान, जे १९१२ च्या सुमारास पुरं झालं. दुसरं त्याच्या लगतचं पॅलेस थिएटर, १९१३ ते १९१५ या काळात बांधलेलं. एकाच राजाने मल्लाला आणि नटाला शेजारशेजारी घर दिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या काळात नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या, मिळेल त्या मांडवात, पत्र्याच्या शेडमध्ये प्रयोग लावायच्या. आपल्या खान्देशातही तेच. भुसावळ-जळगाव-चाळीसगाव हा मोठा रेल्वेमार्ग, १९०० साली सुरू झालेली ताप्तीकाठची सुरत लाइन, चाळीसगावहून धुळ्याला येणारा फाटा. सामानाच्या पेट्या, पडदे, ऑर्गन घेऊन फिरणाऱ्या मंडळीला अशी गावं सोयीची, शिवाय कापसाचा पैसा खेळता. अशा काळात एका संस्थानिकाने नाटकासाठी दगडी, पक्कं, मुद्दाम विचार करून बांधलेलं घर दिलं. म्हणून कोल्हापूरचं थिएटर वेगळं. आपल्या धुळ्याच्या नाट्यमंदिराला शाहू महाराजांचंच नाव आहे, हेही इथे आठवतं.

पुढे १९५७ मध्ये पॅलेस थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच नाटक कंपनीत गेले, १९०८ साली हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला, वयाच्या ३१ व्या वर्षी गेले. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेला त्या संगीत नाटकाचा प्रयोग. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ध्वनिवर्धक नव्हताच. गर्दीने भरलेलं थिएटर आणि दोन माणसांचे गळे, एवढंच. त्या पिढीच्या नटाला इमारत कशी लागते, हे त्या एका रात्रीवरून कळतं.

केशवरावांच्या कंपनीचे पडदे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावांनी रंगवले. हे मी शोभेसाठी सांगत नाही. रंगवलेले भलेमोठे कापडी पडदे हा त्या काळच्या नाट्यगृहाच्या रचनेचाच भाग. ते गुंडाळायला, वर ओढायला रंगमंचाच्या वर उंची हवी, बाजूला विंगांना जागा हवी. आणि एवढं कापड रंगमंचाच्या पोकळीत टांगलं की मागे गेलेला आवाज तिथेच मुरतो, घुमत परत येत नाही. आपण आज मागे काळी कापडं लावतो, ती दिसण्यासाठी. ऐकण्यासाठीही ती लागतात, हे ध्यानात ठेवा.

बालगंधर्वांचं नाव आलं म्हणून एक खान्देशी गोष्ट सांगून पुढे जातो. बालगंधर्व, म्हणजे नारायण राजहंस, लहानपणी जळगावात राहिले, मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे सुरुवातीचे धडे घेतले. दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी तर शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. संगीत नाटक हे पुण्या-मुंबईचं आणि आपण नुसते तिकीट काढणारे, असं कुणी म्हणालं तर त्याला ही दोन गावं सांगा.

आता विहीर.

रंगमंचाखाली विहीर आहे, रांजण पुरलेत, हंडे आहेत, म्हणून आवाज घुमतो, ही गोष्ट मी निदान पाच-सहा गावांत तिथल्या थिएटराबद्दल ऐकलीय. ही कल्पना फार जुनी आणि जगभरची आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसने प्रेक्षकांच्या आसनांखाली कोनाड्यांत काशाची भांडी ठेवण्याची पद्धत लिहून ठेवलीय. जपानात नोह नाटकाच्या रंगमंचाखाली मोठाले रांजण ठेवतात. पण तोंड उघडं असलेलं भांडं हवेत काय करतं? त्याचा एक ठरावीक सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो निघतो तो. खोलीत तेवढाच सूर भांडं ओढून घेतं, थोडासा परत देतं, बाकीच्या आवाजाला हातही लावत नाही. नटाचं अख्खं वाक्य उचलून पन्नास-साठ फुटांवर नेऊन पोचवणं हे विहिरीचं काम नव्हे.

मात्र रंगमंचाखालची पोकळी कामाची असते, ते वेगळ्या कारणाने. लाकडी फळ्यांखाली मोकळी हवा असली की पायाखालचा मंच हलकासा बोलतो. तबल्याचा डग्गा, पावलांचा ठेका, जमिनीवर टेकलेल्या वाद्याचा स्वर त्यातून भरून येतो. नटाला स्वतःचा आवाज पायातून कळतो आणि तो ओरडायचा थांबतो. हे मोठं काम आहे. ज्या नटाला स्वतःचं ऐकू येत नाही तो घसा ताणतो, आणि ताणलेल्या घशातून शब्द आधी फुटतो. म्हणून स्टेजखाली भराव टाकून वर काँक्रीट करू नका. कंत्राटदाराने अजून हे सुचवलेलं नसेल, तर सुचवणार आहे.

मग आवाज पोचतो कशाने? पोचण्यात फारसं कौशल्य नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, ७५ फुटांवरची शेवटची रांग त्याला सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढी दूर. अडचण असते ती शब्द स्वच्छ पोचण्याची. आपल्या भाषेत स्वरांना जोर असतो आणि व्यंजनांना अर्थ. 'आ' दूरवर जातो. पण 'ताट' की 'काठ' की 'पाट', हे ठरवणारा त, क, ठ, प फार बारीक आणि क्षणभराचा असतो. आधीच्या अक्षराची घुमी, म्हणजे खोलीत मागे उरणारा नाद, रेंगाळत असली तर पुढचं व्यंजन तिच्याखाली बुडतं. माणूस सेकंदाला पाच-सहा अक्षरं बोलतो, हे लक्षात घेतलं की घुमी किती कमी हवी ते उमगतं.

भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत कानावर आला, तर कान दोन्ही एकत्र जोडतो आणि आवाज भरीव लागतो. त्यानंतर आला तर तो गोंगाट. विसाव्या भागात आवाज १७ मीटर जातो. म्हणजे बाजूच्या भिंती जवळ असल्या, छत फार उंच नसलं, तर परतलेला आवाज मदत करतो. मागची भिंत लांब असते. तिच्यावर आपटून पुढच्या रांगांकडे परतणारा आवाज उशिरा येतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतो. जुन्या थिएटरांत त्या भिंतीवर सज्जा असायचा, त्याच्याखाली खोल सावली, दारं, पडदे. आवाज तिथे तुटून जायचा. नवीन दुरुस्तीत तिथे गुळगुळीत भिंत आणि काचेची केबिन येते.

लाकडाबद्दल लोकांचा समज आहे की लाकूड आवाज वाढवतं. उलट आहे. भिंतीपासून किंवा छतापासून थोडं सुटलेलं पातळ लाकडी अस्तर खालचे जाड सूर खातं, कारण ती फळी स्वतः थरथरते आणि मागच्या हवेत ती ताकद जिरते. खर्ज गेला की व्यंजनं वर येतात. दगडी भिंती, लाकडी छत, भरलेल्या रांगा आणि मागे टांगलेले पडदे हे सगळं मिळून ते जमतं. एकट्या सागवानाला श्रेय देऊन उपयोग नाही.

हे आपल्याकडे फार आधी ओळखलेलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाची मापं दिली आहेत. मध्यम आकाराचा आयताकृती मंडप ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर ९६ बाय ४८ फूट, त्यातला अर्धा प्रेक्षकांसाठी. म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगमंचापासून ४८ फुटांवर, सुमारे १५ मीटर. आजही नाट्यगृह आखताना चेहऱ्यावरचे भाव दिसायची हद्द २० मीटरच्या आसपास धरतात. याहून मोठा मंडप करू नका, शब्द अस्पष्ट होतो आणि मुद्रा दिसत नाही, असं कारणही तिथेच दिलंय. आणि मंडप कसा हवा, तर शैलगुहाकार, म्हणजे डोंगरातल्या लेण्यासारखा, लहान झरोक्यांचा, वारा न घुसणारा, ज्यात शब्द गंभीर होईल असा. आपल्याला फर्दापूरमार्गे अजिंठा जवळ आहे. एखाद्या चैत्यगृहात गर्दी नसताना उभे राहा आणि हळू बोला. मंत्रासाठी, संथ पठणासाठी ती जागा अप्रतिम. भरभर संवादासाठी मात्र घुमी जास्तच. लेण्याचा आकार घ्या आणि दगडाऐवजी आत लाकूड, कापड, माणसं भरा, असा त्या सूचनेचा अर्थ मी माझ्या कामापुरता लावतो.

थोडं गणित करतो, कारण कंत्राटदाराशी बोलताना आकडा हातात असावा. अमेरिकेत हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नसत. १८९५ पासून तीनेक वर्षं वॉलेस सॅबाइन नावाच्या प्राध्यापकाने रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मोजमापं केली आणि घुमीचा नियम काढला. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि एकूण शोषणाने भागा, म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा पृष्ठभाग चौरस मीटरमध्ये जितका भरेल त्याने. उत्तर, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सेकंदात येतं. बोलण्याच्या नाटकाला एक सेकंदाच्या आसपास बरं, संगीत नाटकाला थोडं जास्त चालतं.

समजा तुमचं थिएटर २४ मीटर लांब, १४ रुंद, ८ उंच. घनफळ २,६८८. लाकडी छत, झडपा, फळ्या मिळून रिकाम्यात २०० चौरस मीटर शोषण धरलं, तर घुमी दोन सेकंदांच्या थोडी वर. त्यात ५०० माणसं बसवा. एक माणूस सुमारे ०.४५ चौरस मीटर शोषतो. आता घुमी बरोबर एका सेकंदावर येते. म्हणजे प्रेक्षक हाही बांधकामाचाच माल आहे. आता लाकूड काढून पीओपी, टाइल्स, ऑइलपेंट करा आणि शोषण १२० वर आणा. हाउसफुल असलं तर सव्वा सेकंद, फार बिघडलं असं वाटणार नाही. पण हौशी नाटकाला अडीचशे माणसं येतात. जुन्या स्थितीत निम्म्या थिएटरला १.४ सेकंद होती, ती आता जवळपास १.९. तिथेच शब्द मरतो. मग माईक येतात, मग मोठे स्पीकर, मग नट माईक शोधत बोलायला लागतो आणि नटांच्या जागाही माईक बघूनच ठरतात.

हे मी डोळ्यासमोर होताना पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका तालुक्याच्या गावी एक जुनं थिएटर पाहायला गेलो होतो. कौलारू, आत सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी. शिडी लावून वर चढलो. जिथे एक लाकूड दुसऱ्यात बसतं, तिथे प्रत्येक सांध्यावर सुताराने पटाशीने खुणा केलेल्या. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, आणि समोरच्या लाकडावर त्याच. जमिनीवर जुळवून, सुटं करून, वर नेऊन पुन्हा त्याच क्रमाने बसवलेलं काम. शंभर वर्षांनंतरही सांध्यात सुरीचं पातं शिरत नव्हतं. रंगमंचावर मधोमध, पुढच्या कडेपासून चार-पाच पावलं आत, फळ्यांवर एक उथळ खोलगट जागा झालेली. हात फिरवला की कळायची, डोळ्यांना दिसत नव्हती. पिढ्यान् पिढ्या नट तिथेच येऊन उभे राहिले, कारण तिथून बोललं की बरं लागतं हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं. मी तिथे उभं राहून साध्या आवाजात बोललो, आणि माझ्याबरोबरच्या मुलाने शेवटच्या भिंतीजवळून शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सहा महिने झाले होते. कैच्या पीओपीच्या वर झाकलेल्या, फळ्या जळणाला गेलेल्या, रंगमंचावर चकचकीत टाइल. काम करवून घेणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, त्यांना ते सुंदर वाटत होतं. मी पहिल्या भेटीत आवाज मोजला नव्हता. टेप होती, कॅमेरा होता, पण "पुढच्या वेळी मोजू" असं म्हणून आलो. त्यामुळे काय गेलं ते दाखवायला माझ्याकडे आकडा नव्हता. तेव्हापासून कुठल्याही जुन्या नाट्यगृहात पाऊल टाकलं की आधी आवाज मोजतो, मग बाकीचं.

कोल्हापूरच्या आगीबद्दल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छप्पर, खुर्च्या गेल्या. पुढचा दगडी दर्शनी भाग उभा राहिला. मी ती रात्र फोनवर बातम्या बघत काढली. आमच्या पिढीच्या अनेक रंगकर्मींनी तशीच काढली असेल.

तसंच पुन्हा होईल का? दगड आणि आकार, होय. वाचलेली भिंत आधी नीट तपासावी लागते. तापलेल्या दगडावर बंबाचं पाणी पडलं की पापुद्रे सुटतात, चुन्याचे सांधे कमजोर होतात. हातोडीने ठोकत प्रत्येक दगडाचा नाद ऐकावा लागतो; भरीव दगड खणखणतो, फुटलेला बद्द वाजतो. जुन्या चुन्यात सिमेंट ठासू नये, भिंतीतली ओल अडकते. छपराची कैची पुन्हा बांधता येते. लोक म्हणतात लाकूड जळतं म्हणून लोखंड घाला. जाड सागवान जळताना बाहेरून मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर कोळसा होत जातं आणि आतला गाभा भार धरून राहतो. उघडं लोखंड ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून वाकतं. पेटतात त्या पातळ फळ्या, वाळलेली कापडं, कोपऱ्यात कोंबलेला कचरा. त्यामुळे "लोखंड म्हणजे सुरक्षित" इतकं सोपं ते नाही. दोन्हींचा हिशोब करून ठरवायचं असतं.

आवाज पुन्हा तसाच येईल का, याचं उत्तर जगात एका ठिकाणी नीट मिळालंय. व्हेनिसचं फेनिचे नाट्यगृह. १७९२ साली उघडलं, १८३६ ला जळालं, पुन्हा बांधलं, आणि २९ जानेवारी १९९६ ला पुन्हा राख झालं. गावकऱ्यांनी ठरवलं, जसं होतं तसं, जिथं होतं तिथं. आणि नशीब असं की आगीच्या दोनच महिने आधी काही संशोधकांनी त्या सभागृहाचा आवाज जागोजागी मोजून ठेवला होता. नवीन छत, नवीन लाकूड, नवीन गाद्या बसवताना त्यांच्याकडे जुळवायला मूळ होतं. २००३ च्या डिसेंबरात ते उघडलं. त्या मोजणीला किती वेळ लागला असेल? फार तर एक-दोन दिवस.

सिनेमाने बिघडवलेलं थिएटर परत आणता येतं का, ही शंका तुमच्याकडेही निघेल. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस बघा. मॉरिस बॅंडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांच्या डोक्यातून निघालेलं, १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं, पुढे सिनेमाकडे गेलेलं आणि १९९० च्या दशकात बंद पडलेलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचं जतन झालं, २०१६ मध्ये ते उघडलं आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. पैसा लागला, वर्षं लागली. तुमचं काम त्याच्या शंभराव्या भागाएवढंही नाही.

आता तुम्ही काय करायचं. एखाद्या रविवारी सकाळी जा, रहदारी सुरू होण्याआधी. सगळी दारं लावा. एकाच मापाचे मोठे फुगे घ्या, रंगमंचावर तोंडाच्या उंचीवर धरून फोडा. पहिली रांग, मधली, शेवटची, सज्ज्याखाली आणि सज्ज्यावर, असे पाच ठिकाणी फोन ठेवून ध्वनिमुद्रण करा. फोनमधलं आवाज आपोआप कमी-जास्त करणारं आणि गोंगाट गाळणारं सेटिंग बंद हवं, फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची हवी, नाहीतर मोजणीला अर्थ राहत नाही. प्रत्येक ठिकाणी पाच फुगे. फुग्याचा बार विरायला किती वेळ लागला ते संगणकावर फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने कळतं. ते जमलं नाही तर फाइली मला पाठवा.

दुसरी परीक्षा यंत्राशिवायची. ५० सुटे शब्द लिहा, एकमेकांसारखे: ताट, काठ, पाट, साठ, वाट, माळ, गाळ, जाळ. वाक्य नको, वाक्यात माणूस अंदाजाने शब्द पुरा करतो. एकाने रंगमंचावरून रोजच्या आवाजात वाचायचे, बाकीच्यांनी वेगवेगळ्या रांगांत बसून लिहायचे. किती बरोबर आले, रांगेनुसार मांडा. दुरुस्तीनंतर हीच यादी क्रम बदलून पुन्हा वाचा. कंत्राटदाराला घुमीचा आकडा पटणार नाही, पण "आधी शेवटच्या रांगेत ५० पैकी ४६ येत होते, आता ३१" हे त्याला लगेच पटतं.

मग टेप. लांबी, रुंदी, उंची, रंगमंचाचं तोंड, त्याची जमिनीपासून उंची, फळीची जाडी, अस्तर आणि भिंतीमधलं अंतर. प्रत्येक सांध्याचा फोटो, सुताराच्या खुणांसकट. भिंतीच्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा कागदात बांधून ठेवा, चुना होता की सिमेंट हे पुढे कामाला येतं.

दुरुस्ती करताना आपलं हवामान विसरू नका. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा सागवानसुद्धा आक्रसतं, फळ्यांत फट पडते, खिळे सैल होतात, रंगमंच कुरकुरतो. फळ्या सुक्या दिवसांत बसवा, म्हणजे पावसात फुगल्यावर दाटीने बसतील, पण कडेला थोडी जागा सोडा, नाहीतर फुगून वर उचलतील. वरच्या झडपा बुजवू नका. एसी घ्यायचाच असेल तर यंत्र इमारतीबाहेर आणि हवा संथ सोडणारं. एसीची घरघर ही सगळ्यात वाईट, कारण तिच्याखाली बारीक व्यंजनं झाकली जातात आणि कुणाला दोष कळतही नाही.

आगीचं सांगतो, हे कृपा करून पुढे ढकलू नका. जुन्या वायरिंगवर नवीन दिवे चढवू नका. हजार वॉटचे दहा दिवे म्हणजे १० किलोवॅट, ती तार त्यासाठी घातलेली नसते. लाकडावरून तार न्यायची तर लोखंडी नळीतूनच. एलईडी घेतले तर भार पाचव्या हिश्श्यावर येतो. रंगमंचाखाली जुने पडदे, खोकी, फ्लेक्स ठेवायची सवय प्रत्येक मंडळात असते. ती पोकळी रिकामी आणि झाडलेली हवी. रंगमंचाच्या वर धूर निघून जायला झडप हवी. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. १९०३ साली शिकागोच्या एका थिएटरात आग लागून ६०० हून अधिक माणसं गेली, त्यानंतर जगाने हा नियम गंभीरपणे घेतला. तिसऱ्या घंटेनंतर बाजूच्या दारांना कुलूप लावण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती तुमच्या थिएटरात पहिल्या दिवसापासून नसावी.

पीओपीबद्दल विचारलंच आहे, तर: छताला नको. कैच्या उघड्या ठेवा, वर मूळ फळ्यांचं अस्तर असेल तर तेच दुरुस्त करा, कुजलेली फळी तेवढी बदला. ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदी करा, भिंतीची बारीक छिद्रं उघडी राहतात. टाइल्स बाहेर व्हरांड्यात लावा, आत नको. मागच्या भिंतीवर जाड कापड, सुरकुत्या ठेवून, भिंतीपासून चार बोटं सोडून. एवढ्यात कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकातले बरेच आकडे कमीच होतील.

फुगे फोडायला कधी जाताय ते कळवा. चाळीसगावला माझं काम चालू आहे, शनिवारी रात्री अमळनेरला मुक्कामाला येऊ शकतो. टेप आणि मोजणीचा माईक माझ्याकडे आहे. तुम्ही शिडी, पाच माणसं आणि जुन्यांपैकी एक असा माणूस आणा, ज्याने त्या रंगमंचावर माईकशिवाय काम केलंय. तो कुठे उभा राहायचा, ते त्यालाच दाखवू द्या. पहिला फुगा तिथे फोडू.